चर्च बांधणारे ओपा

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शमिकाच्या हातातलं लाटणं थांबलं.

वरच्या घरात आता कुणीच नव्हतं. मस्यू व्हेर्दिए जाऊन आठवडा होत आला होता. युद्धात पडलेली चर्चेस उभी करायला हा माणूस तरुणपणी फ्रान्समधून जर्मनीत आला आणि इथे र्युसेल्सहाइमलाच म्हातारा झाला. दिवसा चर्च बांधायची, संध्याकाळी त्यांच्यावर पुस्तकं लिहायची, यातच त्यांचा जन्म गेला. चर्च पुरं झालं की ते आत एकटेच उभे राहत, एक टाळी वाजवत आणि कान देत. रिकामी जागा कधी गप्प नसते, असं त्यांनी एका पुस्तकात लिहिलं होतं.

चार वर्षांची वैभवी छताकडे बघून हसली. "ओपा आला!" ती जर्मनमध्ये म्हणाली. मस्यूंना ती ओपा, म्हणजे आजोबा म्हणायची. मराठी सगळं कळायचं तिला, पण उत्तर जर्मनच.

ओपा फ्रान्सला गेलेत, अशी थाप शमिकानेच मारली होती. तेव्हापासून पोरगी बूट घालून दारात बसायची. घास भरवायला जावं, तर तोंड घट्ट मिटून घ्यायची. अंगावरचं मांस उतरलं होतं नुसतं.

शमिका किल्ली घेऊन वर गेली. घर गार पडलेलं. खुर्ची खिडकीपाशी होती. परवा कुंड्यांना पाणी घालायला आली, तेव्हा तिनेच ती टेबलाखाली सारली होती. "कोण आहे?" तिने चक्क मराठीत विचारलं आणि स्वतःच्याच आवाजाला दचकून खाली पळाली.

बास झालं. पोरीला खरं सांगायलाच हवं. पिठाच्या हातांनीच तिने वैभवीला जवळ ओढलं.

"सोनू, आजोबा वारले गं. देवाघरी गेले. आता नाही येणार ते."

"डॉख!" ती जर्मनमध्येच उलटून म्हणाली. "येणार! अँब्युलन्समध्ये जाताना मला म्हणाला ना!" आणि वैभवीच्या तोंडून चक्क मराठी शब्द आला, मस्यूंसारखाच शेवट लांबवलेला. "येतोऽऽ."

शमिकाला हसू फुटलं, डोळेही भरले. तिनेच शिकवला होता तो त्यांना. आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, मस्यू. अभद्र वाटतं.

"अगं वेडे, ती म्हणायची रीत असते. 'येतो' म्हणजे जातोच."

वैभवीने आईचा कुडता मुठीत धरला.

"आई, सकाळी बाबा म्हणाला, तो कुठला 'येतो'?"