टेप लावायच्या आधी

वच्छलानं या खेपेला मच्छरदाणीही घेतली होती. गोधडी, स्टोव्ह आणि भिंतीवरचा सुगतचा फोटो. तिचा नवरा बळीराम बुलेटच्या मागं सामानाची दोरी आवळत होता. फोटो पिशवीत जाताना त्यानं पाहिला, पण विचारलं नाही. दर सोमवारी सकाळी तो तिला मौद्याच्या शाळेवर सोडायचा. तिथं ती प्रेमिला नावाच्या दुसऱ्या मास्तरणीबरोबर खोली करून राहायची. शनिवारी तो आणायला जायचा. शनिवारी परत येणाऱ्या बाईला फोटो कशाला लागतो, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता.

"टाइम होऊन राहिला," ती म्हणाली. सकाळपासून ती बोलली ते एवढंच.

सुगत जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचं तीन वर्षांचं पोर तापाचं निमित्त होऊन गेलं. त्याआधी वच्छलाची बडबड शेजारच्या घरात ऐकू जायची. आता भाजीत मीठ कमी आहे, एवढं बोलणंही दोघांत होत नव्हतं. गांधीबागेतल्या आपल्या लहानशा दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांपुढं तोंड चालवणारा बळीराम घरी आला की मुका व्हायचा.

घरात निदान दोन खोल्या होत्या. गाडीवर सुटका नव्हती. मौद्यापर्यंत तो अबोला पाठीला चिकटून बसायचा. म्हणून त्यानं टेप लावायचं काढलं. सीताबर्डीवरच्या ताराचंद मेकॅनिकनं मोटारीतला टेप टाकीवर बसवला, हँडलच्या दोन्ही बाजूंना स्पीकर लावले. गावात सुरेख वाजायचा. पण पारडी सोडून गाडी भंडारा रोडला लागली आणि वेग धरला, की नुसती फरफर. त्यानं मोठे स्पीकर बसवले. मग ॲम्प्लिफायर, मग दुसरी बॅटरी. गाणारा तरी पाण्यात बुडाल्यासारखाच गात होता. शेवटी काल ताराचंद स्वतः मागं बसून एक चक्कर मारून आला.

"टेप साफ वाजून राहिला गा," तो म्हणाला. "तुह्या कानात हवा भरते. पहिले तिले अडव."

आणि त्यानं हँडलवर डोक्याइतकी उंच, पारदर्शक काच बसवून दिली.

पारडी मागं पडली. समोरून कोळशाचे ट्रक येत होते. बळीरामनं वेग वाढवला. वारा काचेवर आपटून डोक्यावरून निघून गेला आणि त्याच्या कानांभोवती एकदम मोकळं झालं. इंजिनाचा ठोका वेगळा ऐकू आला, साखळीची करकर वेगळी. तो खूश झाला. टेप लावायला त्यानं हात पुढं केला.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"...तं मी म्हटलं, पेरू कच्चा हाय, पोट दुखीन. तं सुगत म्हणते कसा, मी त्याले पानाखाली झाकून ठेवतो, उद्या पिकते. तुमी तवा दुकानात होते..."

गाडी हेलकावली. समोरचा ट्रक कर्कश हॉर्न देत अगदी जवळून गेला. बळीरामनं हँडल घट्ट धरलं. वच्छला बोलत होती. स्वतःशी नव्हे, त्याच्याशी. पूर्वी पोळ्या लाटता लाटता बोलायची तशी, मोकळ्या आवाजात. ऐकणाऱ्याला काही ऐकू येत नाही, याची पक्की खात्री असल्यासारखी.

"तुमाले सांगाचं हाय का, आता शनिवारी येऊ नका," ती तशाच आवाजात म्हणाली. "उतरल्यावर सांगीन म्हणतो, दर वेळी राहून जाते. आज सांगतो."

बळीरामचं बोट पुन्हा टेपच्या बटणावर गेलं. दाबलं की सगळं पूर्वीसारखं. तिला कळणारही नाही. आणि तोंड उघडलं, तर ती पुन्हा कधीच बोलणार नाही, अशी भीती वाटली. कन्हानचा पूल दिसू लागला. त्याच्या पुढं मौदा किती लांब?

त्यानं बोट उचललं.

"मंग?" तो म्हणाला. "पिकला का पेरू?"

खांद्यावरचा तिचा हात झटक्यात निघाला. गाडी पुलावर चढली. खालचं पाणी, कठडे, समोरून आलेली बैलगाडी, सगळं मागं गेलं. संपलं, त्याला वाटलं.

पूल उतरल्यावर ती म्हणाली, "तुमाले ऐकू येऊन राहिलं?"

"हो. काच लावली ना."

"कवापासून?"

"आजच. तू कवापासून बोलून राहिली?"

"दर सोमवारी बोलतो."

"मंग घरी काहून नाही बोलत वं?"

तिच्या आवाजात राग नव्हता.

"घरी त्याचं नाव काढलं का तुमी उठून जाता. गाडीवर तुमाले उठता येत नाही."

वेग आपोआप कमी झाला. बळीरामनं गाडी रस्त्याच्या कडेला, मातीत घेतली आणि इंजिन बंद केलं. भोवती एकदम शांत झालं. त्याचे पाय उतरायला, चार पावलं लांब जायला, शिवशिवत होते. मागं वच्छला वाट पाहत होती.

त्यानं दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि तो तसाच बसून राहिला.

"सांग," तो म्हणाला.