दोन तारांमधला नाल

भुजंगने चाक फिरवून प्रवाह वाढवला. विजेच्या तख्त्यावरच्या दोन्ही जाड तारा आत वाकल्या आणि मधल्या घोड्याच्या नालाला येऊन टेकल्या.

नालाला त्याने कोरडं फडकं गुंडाळलं होतं, दाबही अगदी कमी ठेवला होता. म्हणून या वेळी जाळ झाला नाही.

त्याने डायनमो थांबवला, नाल खिळ्यावरून काढला आणि पुन्हा प्रवाह सोडला. आता त्याच तारा एकमेकींपासून दूर सरकल्या. जाणारा प्रवाह आणि परतणारा प्रवाह एकमेकांना ढकलतात. मध्ये लोखंड आलं की ते ढकलणं संपतं आणि दोन्ही तारा लोखंडाकडे ओढल्या जातात. हैदराबादच्या कॉलेजात त्याने हे एका आकृतीत काढून दाखवलं होतं. आकृतीत कुणी भाजलं नव्हतं.

तो कापसाच्या बोऱ्यावर बसला. कारण सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. पाठ तेवढी दुखत होती.

खंडेनवमीला परभणीच्या या जिनिंगमध्ये यंत्रांची पूजा झाली होती. सरकी वेचणाऱ्या कडूबाईने त्या दिवशी हा नाल आणला. तिचा नवरा सटवाजी रोज याच तख्त्यापुढे उभा राहायचा. इंजिन बंद होतं. दोन तारांच्या बरोबर मधे तिने स्वतः खिळा ठोकला, नालाला हळदकुंकू लावलं. "आता बघा, केसाला धक्का लागायचा न्हाई," असं ती सगळ्यांदेखत म्हणाली होती. बाया हसल्या होत्या. सटवाजी लाजला होता.

दिवाळीच्या आत एक यंत्र अडकलं, प्रवाह एकदम चढला, आणि तख्त्यावरचा जाळ सटवाजीच्या दोन्ही हातांवर आला.

"वजह मालूम करो," एवढंच मॅनेजर म्हणाले होते. वजह भुजंगच्या हातात होती. तिच्यावरचं कुंकू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"नाल कुठाय, साहेब?"

दारात कडूबाई उभी होती. दुपारची सुट्टी झाली होती. घरी न्यायचं भाकरीचं गाठोडं तिच्या काखेत होतं.

भुजंगने नाल पाठीमागे घेतला. "मावशी, एक तार ढिली होती. म्हणून जाळ झाला. नाल आता दारावर लावतो. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांचंच भलं होईल."

"तार ढिली व्हती?"

"हो. ढिलीच होती."

ती तख्त्याकडे बघत राहिली. तिथे आता नुसता खिळा होता.

"शिकलात लय, पर खोटं बोलाया येत न्हाई तुमाला. मी कवाची हितंच हाय. दोनी तारा कशा धावून आल्या त्याच्याकडं, बघितलं मी."

भुजंग उठला. "मावशी, तुम्हाला तेव्हा कसं ठाऊक असणार..."

तिने हातानेच त्याला थांबवलं. गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं.

"मनेजरला तेच सांगा. तार ढिली व्हती." दोन पावलं जाऊन ती वळली. "आन् आमच्या मालकाला बी. माज्याच हातानं जेवायलेत ते आता."