बिननावाचं पान

मुलगा समुद्रात बुडाला, तेव्हापासून दिगंबररावांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. घरातही कुणाला घेऊ दिलं नव्हतं.

जुन्या फ्रेंच टॅरो पत्त्यांच्या प्रदर्शनाला पत्नी नलिनीताई त्यांना आग्रहाने घेऊन आल्या. पानांवरच्या प्रत्येक चित्राखाली नाव छापलेलं होतं. विळा घेतलेल्या सांगाड्याखाली मात्र जागा कोरी होती.

"हा मृत्यू," माहिती देणारी मुलगी म्हणाली. "नाव लिहिलं तर तो येईल, अशी लोकांना भीती वाटत असावी."

दिगंबररावांनी काचेवर वाकून ती कोरी जागा पाहिली.

"न लिहिताही येतोच की," ते पुटपुटले. मग बायकोकडे वळले. "आपल्या निनादला ही चित्रं फार आवडली असती, नाही?"

नलिनीताईंनी त्यांचा हात घट्ट धरला.

"अहो, पुन्हा म्हणा ना," त्या म्हणाल्या. "त्याचं नाव पुन्हा म्हणा."