आजोळचं मागणं

“नाही देणार,” इसिकेली म्हणाला आणि फाटकाला पाठ लावून उभा राहिला.

त्याच्यामागे, कळपापासून दूर, निरफणसाच्या झाडाखाली तांबडी गाय एकटीच बांधलेली होती. तिची बादली वेगळी. तिचं दूध खड्ड्यात ओतून वर चुना टाकलेला.

गुरांचे सरकारी डॉक्टर नायडू सरांनी कपाळाला हात लावला. “अरे बाबा, आम्ही शिकवलं ते सगळं करतोस. हिला क्षय आहे हेही तुला मान्य. मग अडवून काय धरतोस? कळप वाचवायचा तर हिला जावंच लागेल.”

“पुन्हा या, सर. चहा आहे, उकडलेला कसावा आहे. गाय नाही.”

सरांच्या मागे सेरेआना उभी होती. गुरांच्या डॉक्टरकीचं शिकत होती. तांबडीच्या शेपटीच्या मुळाशी क्षयाच्या तपासणीची सुई तिनेच टोचली होती, आणि नंतर तिथे उठलेली गाठही तिच्याच बोटांना लागली होती. दर खेपेला इसिकेली तिच्याकडे बघत राहायचा. दर खेपेला ती मान खाली घालायची.

तो तिचा सख्खा मामा. तिचा चेहरा हुबेहूब आईचा, त्यामुळे त्यानेही तिला केव्हाच ओळखलं होतं. बोललं मात्र कुणीच नव्हतं.

आईने पळून जाऊन लग्न केलं होतं. इथली रीत अशी, लेकराला आजोळी पहिल्यांदा न्यायचं ते चटया घेऊन, मानाचा देवमाशाचा दात घेऊन, साऱ्या गावाला तोंड दाखवायला. बापाकडच्यांनी आणायचं, आजोळाने वाट बघायची. आपणहून आधी हाक मारायची नाही. सेरेचं तोंड दाखवायचं राहून गेलं, आणि मग आईच गेली. सुवा शहरातल्या भाड्याच्या खोलीत ती सेरेला निजवताना माहेराचं गाणं गुणगुणायची, तिथलं पाणी गोड गं, तिथली माती मऊ गं. आता त्याच पाण्याची नदी समोर वाहत होती. सेरेने तिच्यात बोटसुद्धा बुडवलं नव्हतं.

“उद्या मग पोलीस घेऊन येतो,” सर थकून म्हणाले. “माझाही नाइलाज आहे.”

पोलीस आले की भर गावात मामाची मान खाली जाणार, आणि ती पोलिसांबरोबर आलेली पोर ठरणार. मग हे फाटक तिला जन्मात उघडणार नव्हतं.

ती पुढे झाली. ओल्या गवतात मांडी घालून बसली. ओंजळीचा पोकळ आवाज करत तिने टाळी वाजवली, मोठ्यांपुढे मागायला बसलेला माणूस वाजवतो तशी.

“मामा,” ती म्हणाली. “मी मेरेची लेक. चटई आणली नाही, दात आणला नाही. रिकाम्या हातांनी आलेय. मला तांबडी हवी.”

बहिणीच्या लेकराने मागितलं की मामाने नाही म्हणायचं नसतं. घरातलं, रानातलं, जे मागेल ते.

“अगं बये!” मामी दारातून ओरडली. “डुकरं आहेत, सुपारीएवढ्या पिलांपासून माजलेल्या कोंबड्यांपर्यंत सगळं आहे, आणि मागितलीस काय, तर खोकणारी गाय!” ओरडता ओरडता तिने डोळ्याला पदर लावावा तशी बाही लावली.

इसिकेलीने फाटक उघडलं. झाडाजवळ जाऊन दावं सोडलं. तांबडीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि दावं सेरेच्या हातात दिलं. हात मात्र लगेच काढून घेतला नाही.

नायडू सर बघतच राहिले. “द्यायचीच होती तर पहिल्या दिवशीच द्यायचीस की रे!”

“दिली असती, सर,” भाचीच्या तोंडावरची नजर न हलवता इसिकेली म्हणाला. “पण मग हिने कधी मागितलं असतं?”