उजवा हातमोजा

दर सोमवारी कारखान्यात हातमोज्यांची नवी जोडी मिळते. ती डावा मोजा घालते, उजवा फोरमनच्या टेबलावर ठेवते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "देवा, एक हात ठेवलास, तुझे उपकार." काम भराभर उरकावं म्हणून प्रेसची संरक्षक जाळी फोरमननंच काढायला लावली, तिचा हात गेला, चौकशीत मात्र 'बाईचं लक्ष नव्हतं' असं लिहून दिलं. आज त्यानं खण उघडून दाखवला. आत नुसते उजवे मोजे. "बाई, पुरे. तुम्हाला डावाच द्यायला सांगतो." "नको साहेब. नियमानं जोडीच द्यायची. जाळीसुद्धा नियमातच होती." "तुम्ही आभार मानता की शाप देता?" "आभारच. दवाखान्यात देवाला विचारायचे, मला जिवंत कशाला ठेवलंस? आता कळलं." तिनं नवा मोजा खणात सारला. "तुम्हालाही भरपूर आयुष्य मागते. मोजे अजून पुष्कळ यायचेत."