केसभर दोरा

दस्तगीरचाचांच्या मेंदूत बसवलेल्या बारीक तारांना नेमका किती प्रवाह द्यायचा, ते डॉक्टर पुरोहित सकाळपासून शोधत होत्या. उदासी उतरवणारी मात्रा प्रत्येकाची वेगळी. पण "कसं वाटतंय?" विचारलं की चाचा म्हणत, "ठीक." मिरजेत शेकडो तंबोरे घडवलेला हा कारागीर दोन वर्षं तेवढंच म्हणत होता.

शेवटी त्यांची मुलगी नसीमा तंबोरा घेऊन समोर बसली आणि छेडत राहिली. डॉक्टर आकडे बदलत राहिल्या.

एकोणिसाव्या आकड्याला चाचांच्या कपाळावर आठी पडली.

"बंद कर ते! तारेखालचा दोरा सरकलाय, आवाज पार मेलाय. हेच शिकवलं का मी तुला?"

नसीमा हसता हसता रडायला लागली. दोरा तिनंच सरकवला होता, मुद्दाम.

चाचांनी तंबोरा ओढून घेतला, दोरा केसभर हलवला आणि तार छेडली. अख्खी खोली घुमली.

डॉक्टरांनी तो आकडा पक्का केला आणि सवयीनं विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"गप्प बसा हो जरा," चाचा म्हणाले. "ऐकू द्या."