कोरं रजिस्टर

विद्यापीठाची सुरक्षिततेची फिरती ढाल यंदाही वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेली, आणि खालच्या प्रयोगशाळेतल्या भाऊंच्या पोटात दुखायला लागलं. वीस वर्षं ते अपघाताचं रजिस्टर इमानेइतबारे भरत होते. काचनळी फुटली, लिही. ॲसिडचा थेंब उडाला, लिही. वरच्या अण्णाचं रजिस्टर मात्र तीन वर्षं कोरं, आणि ढाल कोऱ्या रजिस्टरालाच मिळायची.

चारचौघांत बरं दिसावं म्हणून भाऊ अभिनंदनाला वर गेले. अण्णाने डावा हात पुढे केला.

"उजव्याला काय झालं?"

"हळू बोला, भाऊ." अण्णाने खिशातला हात जरासा बाहेर काढला. मनगटापर्यंत कातडी सोलवटलेली होती. "ॲसिड सांडलं. लिहिलं असतं, तर ढाल आज इथे नसती."

भाऊ हळहळत जिना उतरले.

आठवड्याभरात त्यांच्या हातातच काचेचं भांडं तडकलं. सवयीप्रमाणे त्यांनी रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण दातांनी काढलं. मग पानावर रक्त ठिबकायच्या आत रजिस्टर मिटलं आणि हात खिशात घातला.